सासऱ्याकडे निघणारं घर

आमच्या घटस्फोटात सगळ्याची वाटणी झाली. रजया वाटल्या, कढया वाटल्या, चहाचे प्यालेसुद्धा वाटले. माझ्या आईनं दोन हिवाळे डोळे फोडून शिवलेला लोकरी गालिचा, त्यातही मेदेरनं अर्धा वाटा मागितला. मी म्हटलं, घे, कापून घे, तुझ्या नव्या बायकोला पाय पुसायला होईल. तेव्हा कुठे तो वरमला. राहता राहिलं घर. त्याची वाटणी काही झाली नाही, कारण घर म्हणे आमचं नव्हतंच.

ते घर कुणाच्या पैशानं उभं राहिलं, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला विचारा. सात वर्षं मी मॉस्कोत होते. दिवसा एका भल्या मोठ्या बाजाराच्या फरश्या पुसायच्या आणि संध्याकाळी एका खानावळीत भांडी घासायची. माझ्या हातांची साल गेली ती आजतागायत नीट आलेली नाही. पगार झाला की त्याच दिवशी पैसे गावी, मेदेरच्या नावे. इकडे विटा आल्या, निळ्या पत्र्याचं छप्पर आलं. खिडक्या कसल्या घ्यायच्या ते मी तिकडे जिन्याखाली बसून फोनवर फोटो बघून ठरवलं. मुलीचे, आयजानचे, दुधाचे दात पडले ते मी पाहिले नाहीत. खिडक्या मात्र पाहिल्या.

जागा सासऱ्यांची, म्हणून कागदही सासऱ्यांच्या नावानं झाला. मेदेर धाकटा. आमच्यात धाकटा मुलगा आईबापांजवळ राहतो आणि घर त्याचंच होतं, हे कुणाला सांगावं लागत नाही. कागदाला काय करायचंय, घरचीच माणसं आहेत, असं मेदेर म्हणाला. मलाही ते पटलं. आता वाटतं, मला घासायला तिकडे भांडी होती ती बरी, नाहीतर स्वतःच्याच डोक्यावर आपटून घेतली असती.

परत आले तर याला टॅक्सीसाठी गाडी हवी. कर्ज कुणाच्या नावावर? माझ्या. आमच्याकडे बायकांचे गट करून कर्ज देतात, पाच जणी एकमेकींना जामीन. बायका फेडतात हे त्या कर्जवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. गाडी आली. राजधानीच्या, बिश्केकच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि फेऱ्या मारता मारता साहेबांनी तिथल्या एका बाईकडेच मुक्काम ठोकला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ना, तसं माझ्या कर्जाच्या गाडीतून त्या बाईला डोंगर दाखवायला न्यायचा. कोर्टात विचारलं गाडी कुठाय, तर म्हणे चुलतभावाला विकली. त्या चुलतभावाला साधी सायकल चालवता येत नाही.

कोर्टात सासूबाईंना घेऊन सासरे आले होते. पांढरी टोपी डोक्यावरून काढून गुडघ्यावर ठेवली होती. न्यायाधीश बाईंनी विचारलं, हे घर कुणाचं? ते टोपीकडे बघत म्हणाले, माझं. आवाज इतका बारीक, की बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाले, माझं. मेदेरही मागून ओरडला, घर माझं नाही, माझ्या बापाचं आहे. झालं. कागद त्यांचा, शब्द त्यांचा. घर मिळकतीतून बाद. कर्ज मात्र लग्नातलं, म्हणून ते दोघांचं, निम्मं निम्मं. मी निकाल घेऊन कर्जवाल्यांकडे गेले तर तिथला पोरगा म्हणाला, ताई, तुमचं कोर्ट तुमच्याजवळ, आमच्या कागदावर एकच नाव आहे. मेदेरनं काखा वर केल्या. तेलही गेलं, तूपही गेलं, माझ्या हाती राहिला हप्ता.

सासऱ्यांचा मला सगळ्यात जास्त राग आला. मेदेर काय, तो पहिल्यापासून तसाच. पण ते तसे नव्हते. मी मॉस्कोला निघाले तेव्हा मोटारीच्या खिडकीतून माझ्या मांडीवर सुक्या जर्दाळूंची पिशवी टाकणारे तेच होते. आयजानला घोड्यावर बसायला त्यांनीच शिकवलं. सून म्हणून मी अठरा वर्षं त्यांचं नाव तोंडातून काढलं नाही. आमच्यात सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. त्यांच्या नावात शुक्रवारही येतो, म्हणून मी अठरा वर्षं शुक्रवारलासुद्धा 'बाजाराचा आदला दिवस' म्हणत आले. एवढी अदब मी पाळली, आणि या माणसानं कोर्टात टोपीकडे बघून माझा केसानं गळा कापला.

आणि गाव? घर बांधताना विटा उतरवायला जे आले होते, माझ्या पैशाचं मटण चापून गेले होते, त्यांतल्या एकेकाच्या दारी मी जाऊन आले. साक्षीला या म्हटलं. सगळ्यांचं एकच: घरातल्या भांडणात बाहेरच्यानं कशाला पडा? एकीनं तर मला शहाणपण शिकवलं, की बाई, पुरुष आहे, येईल परत. मी तिला म्हटलं, तुझा जाऊ दे, मग मी येते हेच सांगायला.

निकालानंतर माझे कपडे आणि शिवणयंत्र घ्यायला मी त्या घरी गेले. सासूबाईंना मी आपा म्हणते. आपांनी बस म्हटलं, चहा ओतला आणि प्याला माझ्यापुढे सरकवला. काठोकाठ भरलेला. आमच्याकडे ज्याला मानानं बसवायचं त्याला दोन घोट ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतायला मिळतं. प्याला काठोकाठ भरला की समजायचं, पी आणि चालू लाग. मी निवडलेल्या खिडकीखाली बसवून त्या बाईनं मला भरलेला प्याला दिला. मी तो तसाच ठेवून उठले.

वरच्या कोर्टात अर्ज टाकला. बाजारालगत एक खोली घेतली, पाव भाजणाऱ्या बाईकडे पहाटेची कामाला राहिले, आयजानला तिथल्या शाळेत घातलं. वकील म्हणत होता, आशा ठेवू नका. मी म्हटलं, आशा नाही हो, राग आहे, आणि तो पुष्कळ आहे.

पानगळीत सासरे गेले. झोपेतच गेले म्हणे. मी जाणार नव्हते. आयजान रडत होती, तिचे आजोबा होते. पाव भाजणारी बाई म्हणाली, मेलेल्याशी वैर धरू नये. मी म्हटलं, जिवंतपणी धरू दिलं नाही, मेल्यावर धरायचं नाही, मग आम्ही धरायचं कधी? तरी डोक्याला काळा रुमाल बांधला आणि पोरीला घेऊन गेले.

अंगणात तंबू उभारला होता. एवढं थोरलं घर असूनही मेलेलं माणूस आमच्यात तंबूतच ठेवतात. दाराशी मेदेर कमरेला पट्टा बांधून, काठीवर रेलून, माझ्या अता रे, माझ्या बापा रे, माझ्या डोंगरा रे, असा टाहो फोडत होता. मला बघून त्याचा टाहो अर्ध्यात थांबला, मग अधिकच जोरात सुरू झाला. आत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मधोमध आपा. रडगाणं चाललं होतं. मी आयजानला त्यांच्याजवळ बसवलं आणि कडेला टेकले. रडू मलाही आलं. का आलं ते विचारू नका, त्यात जर्दाळूही होते आणि ती टोपीही होती.

बाहेर अख्खं गाव लोटलं होतं. घोडा कापला होता, चुलाणांवर कढया चढल्या होत्या. तंबूच्या कनातीची खालची कड हवेसाठी वर गुंडाळलेली होती, त्यातून मला नुसते बूट दिसत होते. ओळखीचे बूट. साक्षीला यातला एकही आला नव्हता. मटणाला सगळे आले. माझ्या अंगाची लाही लाही होत होती, पण मी गप्प होते. देवाशप्पथ सांगते, त्या वेळेपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं.

मग मयत धुऊन, कापडात गुंडाळून बाहेर आणलं आणि पुरुषांच्या रांगांपुढे ठेवलं. मोल्दो म्हणजे आमचे नमाज पढवणारे. म्हातारे आहेत, सासऱ्यांच्या बरोबरीचे. त्यांनी मेदेरला पुढे बोलावलं. नमाजाआधी मुलानं विचारायचं असतं, ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. मेलेल्याच्या मानेवर देणं ठेवून त्याला मातीत उतरवत नाहीत. मेदेरनंही ते पाठ म्हटल्यासारखं म्हटलं.

"लोकहो, माझ्या बापाकडे कुणाचं काही निघत असेल तर आत्ता सांगा, मी ते माझ्या अंगावर घेतो. माझ्या बापाचं कुणाकडे निघत असेल तर ते मी सोडलं."

यावर कुणी बोलत नाही. क्षणभर थांबतात, मोल्दो मान हलवतात आणि नमाज सुरू होतो. मी कितीतरी मयतांना हे ऐकलं असेल. पण त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात लख्ख पडलं. अरे बाबा, तूच तर कोर्टात ओरडून सांगितलंस ना, घर माझं नाही, माझ्या बापाचं आहे? मग माझा पैसा गेला कुणाकडे?

"माझं निघतं," मी म्हटलं.

तंबूतलं रडगाणं बंद पडलं. आपांनी माझा दंड धरला, नखं रुतेपर्यंत. तोंड आवर, असं त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या. बायकांनी तिथे बोलायचं नसतं. रडायचं, तेही चालीत. बाहेर कुणीतरी विचारलं, कोण बोललं? मोल्दोंचे बूट कनातीजवळ आले.

ते म्हणाले, पोरी, दुःखात माणसाचं भान सुटतं, समजू शकतो. मी म्हटलं, मोल्दोके, माझं भान शाबूत आहे. मग वाटलं, देणं सांगायचं तर देणेकऱ्याचं नाव सांगायला हवं. 'त्यांच्याकडे' म्हणून देणं होत नाही. अठरा वर्षं जीभ जिथे येऊन थांबायची, तिथे त्या दिवशी थांबली नाही.

"जुमाशकडे माझं घर निघतं."

बायकांनी तोंडावर रुमाल घेतले. आपांचा हात माझ्या दंडावरून गळून पडला. तोंडातून निघालेलं नाव पुन्हा आत घेता येत नव्हतं, आणि मला घ्यायचंही नव्हतं. मी जागची उठले, कनात आणखी वर केली आणि उभी राहिले. पुढे ते कापडात गुंडाळलेले होते. किती लहान दिसत होते.

मेदेर काठी टेकत आला. ही घरातली गोष्ट आहे, चाळीसाव्या दिवसाचं जेवण होऊ दे, मग बसून बोलू, असं मोल्दोंना म्हणाला. माझ्याकडे बघितलंच नाही.

"घरातली कशी?" मी म्हटलं. "घर तुझंही नाही, माझंही नाही. कोर्टात तूच सांगितलंस. ज्यांचं आहे ते इथे निजलेत. मी सात वर्षं पाठवलेला पैसा त्यांच्या भिंतींत गेला. मग माझं देणं त्यांच्या मानेवर नाही, तर कुणाच्या मानेवर आहे? एक तर ते तिथे खोटं बोलले, नाही तर ते माझे देणेकरी आहेत. दोन्हीतलं कुठलं घेऊन त्यांना मातीत उतरवायचं, ते तू सांग."

मी त्या सगळ्या बुटांच्या मालकांकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे. मूग गिळून बसलेले सगळे. मी म्हटलं, विटा तुम्ही उतरवल्यात, आज तरी कुणी म्हणा की मी खोटं बोलतेय. एकानंही म्हटलं नाही. खरं बोलायला कुणी पुढे आला नव्हता हे खरं, पण मेलेल्यासमोर खोटं बोलायलाही कुणी पुढे येईना.

मोल्दोंनी आपली काठी जमिनीत रोवली. मग त्यांनी मेदेरला सांगितलं, की जुमाश माझा दोस्त होता, आम्ही एकत्र मेंढरं राखलीत. बोललं गेलेलं देणं त्याच्या मानेवर ठेवून मी नमाज पढणार नाही. मेदेर म्हणाला, मोल्दोके, ही बाई बापाच्या मयतावर सौदा करतेय. त्यावर मोल्दो म्हणाले, सौदा तिनं नाही मांडला, पोरा. विचारलंस तू.

रांगेतून मेदेरचा थोरला काका खाकरला आणि म्हणाला, बापाला उन्हात ठेवू नकोस. मेदेरनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ज्याच्या नावावर गाडी होती तो चुलतभाऊ बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकला. घर फिरलं की वासे फिरतात ते मी भोगलं होतं. आता त्याचेही फिरले.

"घेतो," मेदेर म्हणाला.

"काय घेतोस ते सांग," मोल्दो म्हणाले. "मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"घर तिचं," तो म्हणाला. मोल्दो अजून थांबलेलेच होते. "कर्ज माझं."

मग नमाज झाला. त्यांना नेलं. मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले आणि काय रडले, काय रडले. बाजूची बाई म्हणाली, आता कशाला रडतेस, मिळालं ना. मी तिला म्हटलं, बाई गं, माझं होतं ते मागायला मला या माणसाचं मढं अडवावं लागलं, आणि तू मला मिळालं म्हणतेस?

चाळीसाव्याच्या आत मेदेरनं कागद माझ्या नावावर केला. चांगुलपणानं नाही, चाळीसाव्याला सगळं गाव पुन्हा जेवायला येणार आणि पहिला प्रश्न तोच विचारणार, म्हणून. कर्ज फेडायला चुलतभावाकडची गाडी विकली. म्हणजे गाडी होती तर.

किल्ल्या घेऊन मी आणि आयजान आलो त्या दिवशी तो आपलं सामान टेम्पोत चढवत होता. माझ्या आईच्या गालिच्याला त्यानं हात लावला नव्हता. सगळं चढवून झाल्यावर, दार लावता लावता म्हणाला, आई इथंच राहील. बिश्केकच्या घरात जागा नाही, आणि तिला म्हातारीचं जमायचं नाही. 'तिला' म्हणजे त्या बाईला. आईला सवयही याच घराची आहे, असं म्हणून गाडीत बसला. मी धावत फाटकापर्यंत गेले आणि तोंडाला येईल ते बोलले, सगळं इथे सांगत नाही. टेम्पो गेला. प्याले मोजून वाटून घेणारा माणूस, आईचा निम्मा वाटा मागायचं बरं विसरला.

पाय आपटत आत आले. आपा चुलीजवळ बसल्या होत्या. शेजारी गाठोडं बांधून ठेवलेलं. कुठे जाणार होत्या, देव जाणे. त्यांच्या माहेरी आता कुत्रंसुद्धा ओळखीचं उरलेलं नाही. चहा उकळलेला होता. किटली त्यांनी माझ्याकडे सरकवली, कारण आता ओतायचं माझ्याकडे होतं. आपला प्याला पुढे केला.

"काठोकाठ भर," त्या म्हणाल्या. "मी समजेन."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलानं टाकलं ते टाकलं, आणि ही मला शिकवतेय मी हिला कसं हाकलायचं ते. किटली उचलली. तो खिडकीखालचा प्याला आठवला, दंडावरची नखं आठवली, कोर्टाच्या बाकावर नवऱ्याशेजारी गप्प बसलेली ही बाई आठवली. एकही गोष्ट मी विसरलेली नव्हते आणि आजही विसरलेली नाही.

मी दोन घोट ओतले आणि किटली खाली ठेवली. आपांनी प्याल्यात बघितलं, मग माझ्याकडे.

"बघताय काय," मी म्हटलं. "संपलं की मागा. आणि ते गाठोडं सोडा, उद्या पहाटे मला कामाला जायचंय. गाईची धार तुम्ही काढायची."